अर्धा तास न उठलेला माणूस

या मित्रांनो, जवळ सरकून बसा. बोलणारी मी चार पायांची असले, तरी आख्यान एका काळजाचं आहे. मन लावून ऐका, तुमचंही निवेल.

मी एक जुनी खुर्ची आहे. ऑलिव्हच्या लाकडाची. स्फाक्स शहरातल्या एका सुताराने मला घडवलं आणि तिथल्याच हृदयरोगाच्या दवाखान्यात, रक्त घेण्याच्या खोलीत मी रुजू झाले. काम सोपं. रोग्याने माझ्यात अर्धा तास निवांत बसायचं, मगच सुई. डॉक्टर नजलाबाई शोधत होत्या, की हृदयरोग्याच्या मनातली धास्ती आणि त्याच्या रक्तातली संप्रेरकं यांचं नातं काय. आणि ही संप्रेरकं मोठी चुगलखोर! माणूस नुसता उभा राहिला तरी उसळतात.

असेच एक रोगी मुन्सफकाका, समोरच्या केरकेना बेटावरचे, समुद्रात मडकी सोडून ऑक्टोपस धरणारे. हृदयाचा झटका येऊन गेल्यापासून पाणी दिसलं की त्यांची छाती धडधडे, तळहात भिजत. सोबत मेहुणा रिदा असे.

"काय दाजी, ऑक्टोपसला पाय आठ, तुमच्या भीतीला सोळा! विका आता ती होडी."

 काका माझे हात घट्ट धरत.

तीनदा रक्त काढलं, तिन्हीदा आकडा आभाळाला भिडला. नजलाबाई म्हणाल्या, "नुसत्या धास्तीने एवढं चढत नाही. आत ही संप्रेरकं ओतणारी गाठ असेल. राजधानीत, ट्युनिसला मोठ्या तपासणीला जावं लागेल."

"म्हणजे त्या खर्चात होडी गेलीच," काका पुटपुटले.

खरं काय ते मला ठाऊक होतं, पण खुर्चीचं कोण ऐकतो? ऐकलं मब्रूकाताईंनी. त्या तिथल्या परिचारिका. चौथ्या खेपेला सुई टोचण्याआधी काका जरा सरकून बसले, तेव्हा ताईंनी सहज माझ्या गादीवर हात ठेवला.

"काका, गादी थंड कशी? अर्धा तास बसलात ना?"

"बसलो की पोरी! मधे फक्त सात जण आले."

दार उघडलं की काका उठत. गळाभेट, घरचे कसे, मुलं कशी, शेळी व्यायली का, सगळं उभ्याने!

"मग दाराकडे पाठ करून बसा."

"आल्यागेल्याला पाठ? माझी आई कबरीतून उठून कान पिळेल!"

 मग ताईंनी शेजारी बसून हलक्या आवाजात प्रेषितांचं स्तुतिगीत धरलं, वडिलांच्या मांडीवर शिकलेलं. मित्रांनो, स्तुती चालू असताना तिथे कुणी कुणाला सलाम करत नाही. दार पाच वेळा उघडलं. जो तो छातीवर हात ठेवून भिंतीशी उभा राहिला. रिदानेसुद्धा टोपी सावरली. काका उठले नाहीत. माझी गादी ऊबदार झाली.

आकडा निम्म्याहून खाली आला.

"गाठीची शंका मिटली," नजलाबाई हसल्या. "उरलेली वाढ धास्तीची. ती खरी आहे, रक्तात दिसते. धास्ती आधी की संप्रेरकं आधी, हे मलाही अजून उमगलेलं नाही. पण दोघांवर उपाय करू. होडी विकू नका."

काका वळले. "ऐकलंस रिदा? भित्रा नाही मी, आजारी आहे!"

"मग लवकर बरे व्हा दाजी. तुमची मडकी माझ्याने उचलवत नाहीत."

आता माझा एक पाय आखूड झालाय. दवाखान्याच्या बोळात पडून असते, अंगावर कागदांचे गठ्ठे. तक्रार नाही. मागणं एवढंच, की घाबरलेल्या माणसाला हसू नका. त्याच्याजवळ अर्धा तास बसा. आणि बसाल तेव्हा मब्रूकाताईंची आठवण काढा, ज्यांनी थंड गादीवर हात ठेवून एका माणसाचं काळीज ओळखलं.