आवाज ओडेसाचा, ओठ निकोलेटाचे

चार वर्षं जिच्या मनात त्याच्याबद्दल डूख होता, त्या ओडेसा टिलरीच्या दारात गाण्यांच्या रेकॉर्ड काढणारा फाउस्तो गार्देंगी खरबूज घेऊन हसत उभा राहिला. ओडेसा पीठ मळत होती. तिने त्याला बस म्हटलं नाही.

ओडेसा अमेरिकेतल्या गॅरी गावची. चर्चमध्ये गात वाढली, एका बँडबरोबर इटलीत रिमिनीला आली, बँड परत गेला, ही राहिली. अठरा वर्षं या किनाऱ्यावरच्या नाचघरांत तिने लोकांना घाम फुटेस्तोवर नाचवलं. मग एक दिवस फाउस्तोने तिला स्टुडिओत नेलं. "नुसतं नमुन्यादाखल गा, मम्मा. खरी गायिका नंतर येईल," म्हणाला. रोख पैसे दिले, कागद केला नाही.

दोन महिन्यांनी तेच गाणं रेडिओवर वाजायला लागलं. आवाज ओडेसाचा, नाव आणि फोटो निकोलेटा नावाच्या एका कमनीय पोरीचा. आयत्या बिळावर नागोबा! अख्खा युरोप त्या गाण्यावर नाचला, पण ओडेसाचं नाव रेकॉर्डच्या पाकिटावर मुंगीएवढ्या अक्षरांतही नव्हतं. पैशाचं तिने मनाला लावून घेतलं नाही. पण गॅरीहून आई फोनवर म्हणाली, "आवाज तुझाच गं, मग नाव भलतीचंच का सांगतात?" आणि त्याच हिवाळ्यात आई गेली. तेव्हापासून ओडेसाला एकच गोष्ट हवी होती. तिचं नाव.

"एक अडचण आहे, मम्मा," फाउस्तो म्हणाला. "पंधरा ऑगस्टच्या सणाला समुद्रावर कार्यक्रम आहे. यंदा टेप लावू देत नाहीत. सगळं खरंखुरं गायचं म्हणे. तू फक्त पडद्यामागे उभी राहा."

"रेकॉर्डवर माझं नाव घाल. मग बघू."

तो अगदी मनापासून हसला. "अगं, या वयात कसली हौस? तुझा फोटो भिंतीवर लावला तर माणसं रस्ता बदलतील."

ओडेसाने हाताचं पीठ खरवडलं. "बरं. येते."

"एवढ्यात मानलीस?"

"म्हातारी झाले रे. भांडायला दम कुठाय?"

तो जिना उतरतोय तोच घरमालकीण इल्दे आतून कडाडली. "लाज सोडलीस का गं? चार वर्षं त्याच्या सात पिढ्या उद्धरतेस, आणि आज एका खरबुजावर विकली गेलीस?"

"काप ते खरबूज," ओडेसा म्हणाली. "आणि पंधराला पहिल्या रांगेत बस."

तालमीत ती रेकॉर्डबरहुकूम गायली, श्वाससुद्धा तिथल्या तिथे. फाउस्तो निर्धास्त झाला. तिथेच त्याची चूक झाली. निकोलेटाने आरशासमोर घोटून घोटून ते गाणं ओठांवर बसवलं होतं, आणि गाणं म्हणजे तेवढंच, असं या दोघांना वाटत होतं. ओडेसाच्या चर्चमध्ये मात्र काल गायलं तसंच आज गाणाऱ्याला 'शिळं वाढतोस का?' असं तोंडावर विचारत. आणि वाजवणारे कुठलेही असोत, ते आवाजामागे जातात, ओठांमागे नाही.

पंधराला भर दुपारी वाळूवर माणूस मावत नव्हता. पहिलं कडवं सरळ गेलं. दुसऱ्या कडव्यात ओडेसाने एक शब्द धरला आणि सोडलाच नाही. निकोलेटाचं तोंड मिटलं, आवाज चालूच. घाईघाईने तिने ते उघडलं, तर ओडेसा गप्प. लोकांना आधी गंमत वाटली. मग कुणीतरी हसलं, आणि शिट्ट्या सुरू झाल्या. पडद्याच्या फटीतून ओडेसाला ती पोर वळून वळून वाजवणाऱ्यांकडे बघताना दिसत होती. तिला दया आली. तरीही ती थांबली नाही. उलट आणखी दोन वळणं घेतली, कारण चार वर्षांत हिनेही एकदाही तोंड उघडून खरं सांगितलं नव्हतं.

शेवटी निकोलेटाने माईक आपटला आणि स्वतःच्या हाताने पडदा ओढला. "ही गाते! सगळं हीच गाते!" ती रडत ओरडली आणि निघून गेली.

फाउस्तो धावत आला. गडी कोडगा, माईक उचलून वर हसला. "हाच माझा खरा शोध! तुमच्यासाठीच लपवून ठेवला होता! टाळ्या वाजवा, ही आहे..." आणि अडकला. "मम्मा..." खालून लोक ओरडायला लागले, "नाव! नाव सांग!"

"तुझं नाव सांग ना, लवकर," तो माईकवर हात ठेवून कुजबुजला.

ओडेसाने ओठ घट्ट मिटले. पहिल्या रांगेत इल्देला नाव माहीत होतं. तीही हाताची घडी घालून बसून राहिली.

"इतकी वर्षं हिच्या गळ्यावर जगलास, आणि नाव माहीत नाही?" एक बाई ओरडली. मग सगळा किनारा त्याच्यावर तुटून पडला. तो मागे मागे सरकत पायऱ्या उतरेपर्यंत ओडेसा त्याच्याकडे बघत उभी होती. तिला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग तिने माईक घेतला आणि आपलं नाव सांगितलं. दोनदा. दुसऱ्यांदा जरा सावकाश, कारण खाली वार्ताहर लिहून घेत होते.