चार दिवसांची फट

"अपघाताची तारीख दोन टाका आणि सही करा, मास्तर. बाकी सगळं मी बघतो," साहेब म्हणाला.

मास्तरांनी फॉर्म जवळ ओढला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि पुन्हा साहेबाच्या बाजूला सरकवला.

"अपघात एकोणतीसला झालाय, साहेब."

"ते मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. आणखी कुणाला माहीत आहे?"

"जिचा हात मोडला तिला."

साहेब खुर्चीत मागं रेलला. वयानं तो मास्तरांपेक्षा बारा वर्षांनी लहान होता आणि ते त्याला सतत जाणवत असावं, कारण आवाज तो कायम गरजेपेक्षा जाड ठेवायचा. "पहिल्या दिवशी तिनं गल्लीतल्या डॉक्टरकडून नुसतं प्लास्टर घालून घेतलं. मोठ्या दवाखान्यात गेली तीन तारखेला. तुमची पॉलिसी मी एक तारखेला काढून ठेवलीय. मधला दिवस कुठला? दोन. तिला पैसे मिळतील, तुम्ही सुटाल. अडलंय कुठं?"

विमा कंपनीच्या त्या शाखेत मास्तर एकोणीस वर्षं गाड्यांचे दावे तपासत होते. ऑफिसात त्यांना तारीखमास्तर म्हणत, आणि ते कौतुकानं नव्हे. अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू नसेल तर हा माणूस समोरच्याच्या डोळ्यातलं पाणी बघून विरघळत नसे. 'एक दिवस उशीर म्हणजे उशीर,' एवढंच म्हणे आणि शिक्का मारे. शेकडो लोकांना त्यांनी फोन करून बजावलं असेल की मुदत संपलेली गाडी दारातून हलवू नका. अशा माणसाची स्वतःची पॉलिसी संपते कशी?

ती संपली नाही, संपवली गेली. शाखेला दर महिन्याला ठरावीक आकडा गाठावा लागे. कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या गाड्या त्यासाठी राखीव धरलेल्या. आकडा कमी पडला की महिनाअखेरीला त्यांच्या पॉलिसी त्यात टाकायच्या; आकडा आधीच भरला की पुढच्या महिन्याला ढकलायच्या. मधे चार-पाच दिवस गाडी उघडी राहिली तर राहू दे. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मास्तरांनाही नाही, हे इथं स्पष्ट सांगायला हवं. त्यांची मुदत सव्वीसला संपत होती. पंचवीस तारखेला साहेब जाता जाता म्हणाला, "मास्तर, तुमची एक तारखेला घेऊ. पुढचा महिना कोरडाच दिसतोय." मास्तर 'बरं' म्हणाले. एकोणतीसला संध्याकाळी नेहमीसारखी गाडी काढून ते घरी निघाले. वळणावर गाडीचा कोपरा एका स्कूटरच्या हँडलला लागला. स्कूटरवर कापडाचा गठ्ठा घेऊन एक शिवणकामवाली बाई चालली होती. गठ्ठा एकीकडे गेला, बाई दुसरीकडे. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. हातातलं काम मात्र तिनं थांबवलं नाही.

"त्या बाईचाही फायदाच आहे ना त्यात? मग तुमच्या पोटात का दुखतंय?"

"तो टेम्पोवाला आठवतो? मी सांगितलं होतं तुला. रात्री बाराला मुदत संपली, सकाळी सहाला टेम्पो उलटला. सहा तासांसाठी त्याचा दावा फेटाळला मी. तोही म्हणत होता, साहेब, आदल्या दिवशीची तारीख टाका."

"म्हणजे त्याचं वाटोळं केलंत म्हणून आता आपलंही करायचं?"

मास्तरांनी खिशातून गाडीची किल्ली काढून तिच्यासमोर ठेवली.

"तुमचा हा ताठपणा ना," ती म्हणाली, "दुसऱ्याच्या खिशातून फार स्वस्तात पडत होता तुम्हाला. आता कळेल." आणि मग भांडी फडताळात लावता लावता, "गाडी विकावी लागेल म्हणजे."

"हो."

"विका. मी काय गाडीवर बसून सासरी आले नव्हते."

दुसऱ्या दिवशी ते शिलाईच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. दोन मशीनं, एक कापायचं टेबल, भिंतीवर खुंट्यांना लटकवलेली मापं. बाई डाव्या हातानं खडू धरून कापडावर रेघ ओढायचा प्रयत्न करत होती. रेघ वाकडी जात होती. ती पुसायची, पुन्हा ओढायची.

साहेबाची युक्ती मास्तरांनी काही न लपवता सांगितली. बाईनं खडू खाली ठेवला.

"मला काय, दादा. तारीख कुठलीही टाका. हात तोच मोडलाय."

"खरी तारीख टाकली तर कंपनी एक पैसा देणार नाही. मग मी देणार. माझ्याकडे गाडी आहे, ती विकेन. ऑपरेशन निघेल, आणि चार महिने कापायला माणूस ठेवता येईल तुम्हाला."

"आणि चार महिन्यांनी हात वळलाच नाही तर?"

मास्तरांची नजर कापडावरच्या वाकड्या रेघेवर गेली.

"म्हणजे खरं तुम्ही बोलणार," बाई म्हणाली, "आणि ते माझ्या हाताच्या जिवावर. झकास आहे." तिच्या बोलण्यात राग नव्हता. गिऱ्हाइकानं आणलेल्या कापडात खोट दिसली की जसं सांगतात तसं ती बोलत होती. "कंपनी जास्त देईल ना?"

"जास्त देईल. पण आधी तपासणीला माणूस पाठवेल."

"तो काय करतो?"

"तारीख विचारतो. ती सगळेच पाठ करून ठेवतात. म्हणून मग आदल्या दिवशीचं विचारतो. सकाळी काय केलंत, कुणाचं काय शिवलंत, कितीला दुकान बंद केलंत. माणूस तिथं घसरतो."

"तुम्हाला बरं माहीत."

"एकोणीस वर्षं तेच करतोय."

बाईनं प्लास्टरकडे बघितलं. "आदल्या दिवशी म्हणजे एक तारखेला. तेव्हा मी हे गळ्यात अडकवून इथंच बसले होते. पाच गिऱ्हाइकांनी बघितलंय. एकीनं तर विचारलं, माझं झंपर आता पायानं शिवणार का." ती हसली, मग थांबली. "विका गाडी. पण लवकर विका. आणि सगळं लिहून द्या, तुमच्या अक्षरात. हात वळला नाही तर मी परत तुमच्या दारात येणार. तेव्हा घरात नाही म्हणून सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

तिथंच टेबलावर, खडूच्या रेघांचं कापड बाजूला सारून, त्यांनी लिहून दिलं.

फॉर्मवर एकोणतीस पडली. 'पॉलिसी खंडित होण्याचे कारण' या रकान्यात मास्तरांनी तीन ओळी लिहिल्या, ज्यात साहेबाचा हुद्दा होता.

"हे कशाला?" साहेबानं विचारलं.

"रकाना आहे."

"मी ते तोंडी बोललो होतो, मास्तर."

"मी तसंच लिहिलंय. तोंडी सूचनेवरून."

आठवडाभरात मास्तरांचं टेबल तळघरातल्या जुन्या फायलींपाशी गेलं. ऑफिसात त्यांच्या बाजूनं कुणी चकार शब्द काढला नाही. फक्त टेबल हललं त्या संध्याकाळी तिघा-चौघांनी आपापल्या रखडलेल्या पॉलिसी गुपचूप नव्या करून घेतल्या. मास्तरांच्या नावची एक तारखेची पॉलिसी, अपघाताची नोंद न करता काढलेली म्हणून, रद्द झाली.

गाडी घ्यायला जुन्या गाड्यांचा व्यापारी आला. सही झाली, किल्ली दिली. व्यापारी आत बसला आणि त्यानं इंजिन सुरू केलं. मास्तर गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले.

"विम्याचा कागद येऊ द्या."

"अहो काका, दोन गल्ल्या पलीकडे तर माझं दुकान. माणूस कागद घेऊन निघालाय."

"मग येईल."

"गाडी आता माझी आहे."

"हो. म्हणून तर."

व्यापाऱ्यानं इंजिन बंद केलं, एकदा हॉर्न वाजवला आणि मोबाइल काढून बसला. मास्तरांची बायको खिडकीत आली, बघून आत गेली. ऊन चढत गेलं. मास्तर हात मागं बांधून उभे होते, कुणाच्या दारात पैसे मागायला उभे असावेत तसे.

कागद आला. त्यांनी तो चष्मा वर करून वाचला. गाडीचा नंबर, इंजिनचा नंबर, नाव. विमा सुरू होण्याची वेळ दुपारी साडेबारा. त्यांनी घड्याळात पाहिलं. बारा सव्वीस झाले होते.

कागद घडी करून त्यांनी खिडकीतून व्यापाऱ्याच्या हातात दिला, आणि परत येऊन गाडीसमोर होते तिथंच, आणखी चार मिनिटं उभे राहिले.