सालीला फळाचा दाखला

मित्रांनो, सफरचंदे सोलणारे एक जुने यंत्र आहे मी. माझ्यासारख्यांनी आपली कहाणी गहिवरून सांगावी, असा प्रघात आहे. तो मी मोडणार आहे, कारण मला राग आला आहे.

ओतशाळेत माझे अंग घडले आणि फळांचा गर डबाबंद करणाऱ्या या कारखान्यात, धुण्याच्या हौदाशेजारी, मला जागा मिळाली. फळ माझ्या तीन काट्यांवर चढे, गरकन फिरे आणि साल अखंड फितीसारखी टोपलीत उतरे. फीत तुटली की मुकादम पाते घासून देत. "हात लावशील तिथे सोलून निघशील, अशी धार आहे याची!" असे ते नव्या माणसाला कौतुकाने सांगत.

माझे काम केवळ शोभेचे नव्हते. बागेत किडीवर फवारलेले औषध हौदातल्या पाण्याने थोडेफार जाते. पुष्कळसे सालीच्या मेणचट थराला चिकटून राहते. ते मी सालीसकट दूर करत असे. काही औषधे थेट गरात मुरतात आणि त्यांच्यापुढे माझे पाते हतबल ठरते, हेही मान्य. पण जे माझ्या हाती होते ते मी चोख केले, आणि मी काढलेली साल कारखान्यामागच्या खड्ड्यात जात राहिली.

मग एके दिवशी मालक कुठल्याशा प्रदर्शनाहून परतले.

"सोनं फेकतोय आपण, मुकादम! साल वाळवा, दळा. पोरांच्या बिस्किटांत घालायला गिऱ्हाईक तयार आहे."

"आजवर गर विकला, आता कचरा विकायचा," मुकादम म्हणाले. "उद्या देठांची भाजी करायची का, मालक?"

पाच पोती ओली साल वाळून एक पोते झाली. पाणी उडाले; औषध मात्र पाण्याचा हात धरून निघून गेले नाही. पाच पोत्यांतले बहुतेक सगळे एका पोत्यात दाटीवाटीने बसले.

आता या कारखान्याची रीत ऐका. हंगामाच्या आरंभी अख्ख्या फळाचा नमुना तपासून दाखला करायचा आणि त्या फळापासून जे जे निघेल त्याला हंगामभर त्याच दाखल्याची नक्कल जोडायची. गराच्या बाबतीत ही रीत आळशी असली तरी निभावून जाई, कारण सोललेला गर अख्ख्या फळाहून स्वच्छच असे. सालीच्या बाबतीत तीच रीत घातक होती. प्रयोगशाळेतल्या तपासनीस बाईंनी ते ओळखले, पीठ वेगळे तपासले आणि कागद घेऊन त्या माझ्याजवळ उभ्या असलेल्या मालकांकडे आल्या.

"औषध मर्यादेच्या चौपट आहे, साहेब. हे पीठ जाणार नाही."

"अहो, दाखला आहे ना! फळ पास झालंय."

"फळ झालंय. हे फळ नाही."

"मग काय बटाटा आहे? त्याच झाडावरनं उतरलं ना?"

"ही नुसती साल आहे. तीही वाळवलेली."

"मग आणखी दोनदा धुवून घ्या."

"पीठ धुऊ?"

मुकादमांना हसू आवरेना. मालकांचा चेहरा मात्र उतरला. "बाई, सही करा. नाहीतर उद्या तुमच्या खुर्चीवर सही करणारा बसेल."

"बसू दे. जाताना त्याला या पिठाची बिस्किटं स्वतःच्या पोरांसाठी घरी न्यायला सांगा."

सही शेवटी मालकांनीच ठोकली. गाडी भरली. गाडीसोबत जाणारी फाटकावरची चिठ्ठी मात्र मुकादमांनी लिहायची असे. मालक म्हणाले, "सफरचंदाचं पीठ, एवढंच लिहा." मुकादमांनी आपल्या वाकड्या अक्षरात लिहिले: 'सफरचंदाची वाळवलेली साल. तपासणीत नापास.' बिस्किटवाल्याने ती वाचली आणि गाडी त्याच दिवशी परत धाडली.

मुकादमांना घरी बसवले गेले. बाईंना लेबले चिकटवायला पाठवले. आणि मालकांनी काढलेला तोडगा असा: साल काढायचीच नाही! फळाच्या सालीसकट फोडी करून वाळवायच्या, म्हणजे फळाचा दाखला फळालाच लागला, वादच मिटला. वाळवल्याने काय होते, हे पोत्यांनी शिकवूनही ते शिकले नाहीत. मला उचलून भिंतीशी टाकले आहे.

येथून लेबलांचे टेबल दिसते. फोडींची पहिली पाकिटे सकाळपासून बाईंपुढे रचली आहेत. "आधी या फोडींचा अहवाल आणा," एवढेच त्या म्हणतात. मालक दोनदा ओरडून गेले. पाकिटे अजून कोरी आहेत.

मित्रांनो, मला तेलपाणी नको, कौतुक नको. साल मुळात वाईट आहे असेही मी म्हणत नाही. न तपासता विकलेली वाईट. कोणी तुमच्यापुढे दाखला नाचवला तर एवढेच विचारा: तपासले ते काय, आणि माझ्या हातात दिले ते काय? दोन्हींचे उत्तर एक नसेल, तर बाई एकट्या पडणार नाहीत एवढ्या मोठ्याने ओरडा.