रेतीतली द्राक्षं

जनकाबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि फोटोवर बोट ठेवलं. दगडी हौदात सुरज उभा होता. गुडघ्यापर्यंत द्राक्षांचा चिखल, मांड्या जांभळ्या, हात शेजारच्या माणसांच्या खांद्यांवर.

"हे काय करून राहिलास?"

सुट्टीवर आलेल्या सुरजनं हातातला घास ताटात ठेवला. "द्राक्षं तुडवून राहिलो. त्याची वाईन होते, माय." मग हळूच म्हणाला, "म्हंजी दारूच."

पोरगं सहा वर्षं पोर्तुगालात, समुद्रकाठच्या द्राक्षबागेत आहे, एवढंच त्या साखरा गावात सांगत आल्या होत्या. नवरा दारूनं गेला, त्याच वर्षी त्यांनी घरोघरी फिरून बायका जमवल्या, मतदान घडवून बाटली आडवी केली. गावातलं दुकान कायमचं बंद पडलं.

"काहून सांगितलं न्हाई?"

"तू बोलायची सोडशील म्हणून."

त्यांनी मोबाइल त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"जमीन कशी हाय तिथली?"

"जमीन कसली, निव्वळ रेती. रोप लावायचं तर पुरुषभर खणावं लागतं, चिकणमाती लागेपत्तर. वेल उभे ऱ्हात न्हाईत, भुईवर पसरतात. खारा वारा लागू नये म्हणून बोरूचे कुड घालतो. अन् घड तापल्या रेतीवर भाजू नयेत म्हणून बाया एकेका फांदीला काडीचा टेकू देतात."

जनकाबाईंनी डोळे मिटले. बाहेर दुपार स्तब्ध होती. कधी न पाहिलेल्या पाण्याच्या कडेनं त्या अनवाणी चालत होत्या. रेती पायांखाली सरकत होती, वाऱ्याला मिठाची चव होती. एका कुडाच्या सावलीत नवरा बसला होता. चांगला शुद्धीत, मान खाली घालून टेकूच्या काड्या तासत होता.

त्यांनी डोळे उघडले.

"तिथं बी दारूपायी बाया मार खातात का रे?"

"खात असतील. न्हाई कसं म्हणू?" सुरज ताटाकडेच बघत होता. "सोडू का काम?"

तेवढ्यात मंजुळाबाई दारात आल्या. मतदानाच्या वेळी जनकाबाईंच्या जोडीनं गावभर फिरलेल्या.

"आलं व्हय लेकरू? काय काम करतंय तिकडं?"

सुरजनं आईकडे पाहिलं.

"दारू करतंय," जनकाबाई म्हणाल्या. "बस, मंजुळा."

मंजुळाबाई उंबऱ्यातच थबकल्या. जनकाबाईंनी घोंगडी झटकून अंथरली, आणि स्वतः एका कडेला सरकून बसल्या.