शंभलातला शर्ट

फर्निचरच्या बंद पडलेल्या दुकानामागे एक अंधारी खोली होती आणि तिच्या दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत माणसांची रांग. ऊन नुसतं भाजून काढत होतं, तरी एकाचीही कुरकुर नव्हती. ढगाळ दिवशी शंभलाचं दार उघडतच नाही, असं गुरुजींनी बजावून ठेवलं होतं. बाहेर येणारा प्रत्येक जण डोळे पुसत येत होता.

"दिसलं हो! झाडांची पानंसुद्धा हलत होती!" बँकेतला एक निवृत्त कारकून हुंदके देत सांगत होता. मला शिसारी आली.

शंभलाची गोष्ट जुनी आहे. बौद्धांच्या ग्रंथांत आहे, पुराणांतही त्याचं नाव येतं. बर्फाच्या डोंगरांआड लपलेलं राज्य, तिथे ना रोग ना भांडण. गोष्ट म्हणून ती मलाही आवडते. या इसमाने मात्र ते राज्य एका चौथऱ्यात कोंबलं होतं. भिंतीला चिकटून दगडी चौथरा, त्यावर दुधी काच. वाकून पाहिलं की काचेत हिरवी बाग दिसायची आणि तिच्यात फिरणारी पांढऱ्या कपड्यांतली माणसं. आवाज मात्र कसलाच नाही.

"आवाज हा जड देहाचा गुण, बाळांनो. तिथं सगळं सूक्ष्म!" ढेरी सावरत गुरुजी सांगायचे, आणि लोक माना डोलवायचे.

मी शाळेत विज्ञान शिकवते. असल्या भोंदूंवर एरवी मी दोन शिव्या हासडून गप्प बसते. पण या वेळी माझी मावशी त्याच्या नादी लागली होती. काका गेल्यापासून ती एकटीच शिंपीकामाचं दुकान चालवायची. औषधांनी जड झालेल्या देहाला शंभलात प्रवेश नाही, असं गुरुजी म्हणाले आणि मावशीने इन्सुलिन बंद केलं. मी दुकानात गेले तेव्हा तिचे ओठ कोरडे पडले होते आणि सुईत दोरा ओवता ओवता ती सारखी पाणी पीत होती.

"मावशी, इंजेक्शन घे. जिवाशी खेळतेयस तू."

"नको गं. ह्यांनी काचेतून हात करून बोलावलंय मला. टोपी डोळ्यांवर ओढलेली, चेहरा नाही दिसला. पण चाल तीच, लंगडत."

"काका लंगडायचे हे तिथे कुणाला सांगितलं होतंस?"

"रांगेत पाणी देणाऱ्या बाईंना. का?"

मी दातओठ खाल्ले.

"आणि ऐक तरी," ती पुढे सरकली. "शर्टाचा खिसा उजवीकडे! बटणपट्टीही उलटी. तिथल्या सगळ्याच पुरुषांची. जन्मभर पुरुषांचे शर्ट शिवलेत मी, माझी नजर चुकेल? असा शर्ट इथला कुठलाच शिंपी शिवणार नाही. म्हणजे ती जागा इथली नाहीच!"

मी तिला खांद्याला धरून दुकानातल्या आरशासमोर उभं केलं. "बघ, माझ्या कुर्त्याचा खिसा कुठल्या बाजूला दिसतोय?"

"आरसा वेगळा आणि शंभल वेगळं," असं म्हणून तिने तोंड फिरवलं.

बोलून उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तिला रांगेत सोडलं आणि दुकानाला वळसा घालून मागच्या आवाराच्या फाटकातून आत शिरले. हीच ती बाग! एक शंभलवासी झाडाआड विडी ओढत होता. भिंतीवरच्या वेलीत एक गोल भिंग चमकत होतं. आत मावशीची पाळी येईपर्यंत मी फाटकाशी थांबले; टोपीवाला लंगडत भिंगापुढून गेला तेव्हा ती आल्याचं कळलं. मग भिंगासमोर जाऊन तिचं इन्सुलिन उंच धरलं.

भिंतीपलीकडून मावशीची किंकाळी आली, "अगं, ही माझी भाची!"

मी भिंगावर तळवा ठेवला. आत हलकल्लोळ झाला, "शंभल मिटलं!" तळवा काढला आणि वळले, तो टोपीवाल्याने मला पाहिलं आणि फाटकाकडे धूम ठोकली.

मी धावत खोलीत गेले, पडदे ओढून काढले आणि चौथऱ्यावरची काच उचलली. आत एक आरसा, तिरका बसवलेला.

"भिंगातून बागेचं उलटं चित्र आत येतं," मी लोकांना सांगितलं. "आरसा ते सुलटं करून काचेवर पाडतो, पण डावं-उजवं तेवढं बदलतं. म्हणून खिसे उजवीकडे, म्हणूनच ढगाळ दिवशी दार बंद."

"पापिणीची सावली पडली शंभलावर!" गुरुजी किंचाळले.

"सावलीच पडली, गुरुजी. तुमचं शंभल उन्हावरच चालतं ना!"

कुणीतरी खो-खो हसलं. कारकून मात्र वाकून त्या आरशाकडे बघत राहिला. मी त्याला म्हणाले, "दिसलं म्हणून रडलात, ते ठीक. पण कसं दिसलं, हे एकदा तरी विचारायचं होतंत. औषध सोडायला सांगणारा देवाचा माणूस नसतो, तो तुमच्या मरणावर जगतो."

मावशी भिंतीला टेकून खाली बसली होती.

"तो पळाला," ती म्हणाली. "काचेत पाहिलं मी. दोन्ही पायांनी धड पळाला." "ह्यांना जन्मात पळता आलं नाही गं. मेल्याने माझ्या माणसाचा पाय चोरला."

मग तिने माझा हात धरला आणि कशीबशी उठली. "चल दवाखान्यात. इंजेक्शन दे म्हणावं. मला जगायचंय, पोलिसांपुढे त्या शर्टवाल्याला ओळखायला."