पहिला चीक

"पीळ गो, मातीत जाऊ दे ती घाण!"

सुईण बाईजाचा तो आवाज मालूच्या कानातून कधी गेलाच नाही. विलायतेत मोठी लढाई सुरू झाली त्या साली, किन्हवलीच्या याच घरात, थोरल्याच्या बाळंतपणात तिने आपलं पहिलं पिवळं दूध, चीक, भिंतीकडेला पिळून टाकलं होतं. पोराच्या तोंडात सासूने दिलेली गुळाच्या पाण्याची चिंधी. तीच चिंधी मग वाटीच्या काठावर पडून राहायची, तिच्यावर माश्या. पोराला हगवण लागली नि बारशाआधीच ते विझलं.

"सटवाईनं कपाळी लिवलंच नाय," सासू गीताबाई म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मालूनेही.

आता ही दुसरी, लेक. गीताबाईने नातीला पायांवर घेतलं, तेल चोळलं, कोपर बुडवून पाण्याची ऊब पाहिली. माया खोटी नव्हती. हात लोण्यासारखे फिरत होते नि ओठांवर गाणं:

ऊन ऊन पाणी बाई, सूर्याजीच्या घरचं
न्हातं माझं चाफ्याचं फूल, देवाजीच्या दारचं

ओव्याची धुरी झाली. पोर भुकेने मुठी चोखू लागली. गीताबाईने तिला मांडीवर घेऊन जुन्या लुगड्याची चिंधी फाडली.

तेवढ्यात गोठ्यातून मालूचा नवरा देवराम ओरडला. म्हैस सकाळीच व्याली होती. "आये, पारडू उठत नाय!"

"सडाला लाव रे मुडद्या! पयला चीक पोटात गेल्याबिगर उभं कसं रावंल?" चिंधी गुळाच्या पाण्यात बुडवता बुडवता गीताबाई म्हणाली.

मालू बाजेवरून उठली. सासूच्या मांडीवरची लेक उचलली नि छातीशी लावली.

"अगो, नासका असतो तो! पोरीला बाधंल!"

"म्हशीचा नाय नासका, माझाच कसा?" मालूचा आवाज फाटला. "आत्या, माझा लेक सटवाईनं नाय नेला. उपाशी गेला तो. तुमच्या चिंधीनं गेला."

लेक चुटूचुटू पिऊ लागली. सासू आता हात उगारील, असं मालूला वाटलं. पण गीताबाईने चिंधी मुठीत आवळली. गुळाचं पाणी तिच्या मांडीवर ठिबकत राहिलं.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "माझाबी पयला तसाच गेला."

"मग मला का पिळू दिलंत?"

गीताबाई पिणाऱ्या पोरीकडे बघत राहिली.

"तुझं पोर चीक पिऊन जगलं असतं, तर माझं मीच मारलं, असं झालं असतं गो."