एक ताडपत्री, दोन घरं

पेठ रोडच्या झोपडपट्टीत भागीबाई दहाएक वर्षं राहते. बांधकामावर पाट्या उचलते. दरवर्षी भाताच्या लावणीला ती आणि नवरा देवराम डोंगरातल्या गावी जातात, आणि जाताना झोपडीवरची ताडपत्री काढून नेतात. गावचं छप्परही गळकंच. घरं दोन, ताडपत्री एक.

यंदा नेमके तेव्हाच सर्वेवाले आले. त्यांना चार बांबू दिसले.

"अहो, माणसं राहतात इथं! लावणीला गेलीत," शेजारची वत्सलाबाई ओरडली.

"मग दाखवा माणसं," म्हणत सर्वेच्या साहेबानं 'रिकामी जागा' असं लिहून टाकलं.

भागीबाई गावाहून परतली, तर पक्क्या घरांच्या यादीत तिचं नावच नव्हतं. हरकत घ्यायला मुदत शुक्रवारपर्यंत. ती इथंच राहते असं कुणी लिहून द्यायला हवं. वत्सलाबाईचा अंगठा चालत नाही. तीही झोपडीतलीच ना! शिकलेलं माणूस पाहिजे.

भागीबाईला मृण्मयी आठवली. गरिबांच्या घरांवर संशोधन करणारी मुलगी. वर्षभर याच झोपडीत बसून तिनं प्रश्न विचारले होते, चहा प्यायला होता. फोन केल्याबरोबर आली बिचारी.

"मॅडम, मला इथं बघितलं एवढंच लिहून द्या. खोटं नाय सांगत लिहायला."

"भागीबाई, तुमची ओळख गुप्त ठेवायची हमी दिलीय मी संस्थेला. अहवालातही नाव बदललंय तुमचं."

"कशापाई? मी काय चोरी केली?"

"तुमच्या सुरक्षेसाठी असतं ते."

"काय ठेवलं नाव?" वत्सलाबाईनं विचारलं.

"सुमन."

"घ्या! भागे, सुमनला फ्लॅट लागतोय बघ आता."

भागीबाई हसली नाही. "मीच सांगते ना, माझं खरं नाव घाला."

"संस्थेतल्या सरांना विचारावं लागेल. ते सोमवारी येतील."

"आन् शुक्रवार?"

मृण्मयीचे डोळे भरून आले. खोटे नव्हते ते अश्रू. तेवढं तिच्या पदरात टाकू. पण डोळे पुसून तिनं मोबाइल काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं.

"आत्ता तुम्हाला नेमकं काय वाटतंय, सांगाल? धोरण बदलायचं तर असंच बोलणं लागतं."

भागीबाईनं मोबाइल हातानं बाजूला सारला.

"ते तुम्हीच घरी जाऊन लिहा, मॅडम. तुम्हाला घर हाय."

शुक्रवार गेला. यादी पक्की झाली. अहवालाचं मात्र दिल्लीत फार कौतुक झालं म्हणतात.